गाव रिकामा होतो तेव्हा

३ ऑक्टोबर
विनीत आज परत आला. किशोरीबरोबर चित्रकलेच्या कॉलेजात होता, मूळचा कोल्हापूरकडचा. दाढी पांढरी व्हायला लागली, तरी चहात साखर अजून तीन चमचे. आमच्या वाडीच्या टोकाला बंद पडलेला काजूचा कारखाना आहे, तो त्याने भाड्याने घेतला आहे. तिथे किशोरीच्या पुस्तकांचं संग्रहालय करणार. काचेच्या कपाटात पुस्तकं मांडायची नाहीत, माणसाने आपल्या पायांनी पुस्तकात शिरायचं, असं काहीतरी. मी म्हटलं, "आमच्या गावातली माणसं देवळात शिरताना चपला काढत नाहीत, पुस्तकात काय करतील देव जाणे." तो हसला आणि मला नोकरी देऊन गेला. लोकांना आत नेऊन गोष्टी सांगायच्या.

किशोरी माझी भावजय. मुलांसाठी लिहायची, चित्रंही स्वतःच काढायची. अडीच वर्षांमागे चैत्रात ताप आला आणि आठ दिवसांत गेली. माझा भाऊ सर्वेश बोटीवर असतो, वर्षातले तीन महिने घरी. त्यांची अक्षया माझ्याकडे. नऊ वर्षांची आहे. आई लांब गेली, असं सर्वेशने तिला तेव्हा सांगितलं, ते आम्ही कोणी खोडलं नाही. पोर एकदाही रडली नाही. शहाणी आहे, असं सगळे म्हणतात.

ही डायरीही विनीतनेच दिली. तीस वर्षं गावच्या ग्रंथालयात दुसऱ्यांची पुस्तकं सांभाळली, आता एक माझं.

११ ऑक्टोबर
विनीत टेम्पो घेऊन आला आणि किशोरीची खाट घेऊन गेला. शिवाय तिची गोधडी, पितळेचा तांब्या, दोन साड्या, भिंतीवरचा आरसा. शेवटच्या खोलीत तिचं घर जसंच्या तसं उभं करायचं आहे म्हणे. मला जरा जड गेलं, पण माळ्यावर वाळवी खाण्यापेक्षा बरं. अक्षया टेम्पोमागे कारखान्यापर्यंत चालत गेली. खाट कुठल्या भिंतीला लावली ते बघून आली आणि मला म्हणाली, "आत्ये, डोक्याची बाजू चुकली. मी सांगलंय त्यांका, त्यांनी फिरवल्यानी."

सर्वेशने किशोरीचे आवाजही पाठवले आहेत. गोष्ट लिहून झाली की ती फोनवर वाचून त्याला बोटीवर पाठवायची. चाळीसेक तुकडे आहेत.

१६ ऑक्टोबर
आज मोठी गोष्ट झाली. 

किशोरीचं शेवटचं पुस्तक अपुरं आहे. 'गाव रिकामा होतो तेव्हा.' ते आमच्या गावपळणीवर आहे. विनीतला आधी गावपळण समजावून सांगावी लागली. दर तीन-चार वर्षांनी पावणाईदेवी कौल देते आणि सगळा गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातो. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळी. चूल विझवायची, दार ओढून घ्यायचं आणि निघायचं. तीन दिवस गावात चिटपाखरू नाही. चौथ्या दिवशी देवीला विचारायचं आणि तिने कौल दिला की परत यायचं. का, असं विचारलं तर प्रत्येक जण वेगळं कारण सांगतो. आमची आजी सांगायची की ते तीन दिवस आपले नसतात, गेलेल्यांचे असतात.

किशोरीने तेच धरलं. गाव रिकामा झाला की गेलेली माणसं हळूच येतात, आपली भांडी मोजतात, अंगणातलं गवत उपटतात, मुलांच्या अंथरुणावर हात फिरवतात. एक आई येते आणि अंथरूण थंड लागतं. इथे पुस्तक थांबलं आहे. पुढचं पान कोरं.

विनीत म्हणाला, "सुगंधाताई, भिंतीवर शेवट हवा. तिला जवळून ओळखणारं तुमच्याशिवाय कोण आहे?" मी नको नको म्हणत दुपारभर पडवीत बसले आणि लिहिलं:

'पण ज्या घरात एक लहान मूल न हलता, न बोलता, तिची वाट बघत थांबलेलं असतं, त्या घरी ती नक्की येते. आणि त्याला उचलून घेते.'

विनीतने वाचलं आणि चष्मा पुसला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या लिहिण्याने कोणी चष्मा पुसला.

२६ ऑक्टोबर
उद्घाटन झालं. आचऱ्याहून, मालवणहून, अगदी गोव्याहून माणसं आली. तीन खोल्या आहेत. पहिली 'चिखल्यांची शाळा', चिखलात तुरुतुरु धावणाऱ्या पाखरांची, तिथे जमीन पायाखाली मऊ लागते आणि चहूकडे कांदळाची मुळं लोंबतात. दुसरी 'कुर्ली बिऱ्हाड बदलते', शंख बदलणाऱ्या खेकडीची, तिथे भल्यामोठ्या शंखांच्या बोगद्यातून रांगत जायचं. माझे गुडघे कुरकुरले. आणि बोगद्यातून बाहेर पडलं की तिसरी, किशोरीची. खिडक्या फळ्यांनी बंद केल्या आहेत, दिवा एकच, मंद. खाटेवर गोधडी. भिंतीवर शेवटच्या ओळी. आपण उभे राहिलो की थोड्या वेळाने तिचा आवाज येतो, अगदी कानाजवळ. पहिल्यांदा आला तेव्हा मी 'येतंय गो' म्हणून बसले. सगळे हसले, मीही हसले, पण पाठीवरचा काटा घरी येईपर्यंत गेला नाही.

ओळींखाली किशोरीचंच नाव आहे. विनीत म्हणाला, पुस्तक तिचं, त्यात दुसरं नाव कसं घालायचं. बरोबर आहे. तरी जरा टोचलं.

अक्षया तिथे बराच वेळ उभी होती. ओळींवर बोट फिरवून वाचलं आणि विचारलं, "ह्यां आईन लिवला मां?" एवढी माणसं होती भोवती. मी होय म्हटलं.

आणि मग नर्मदाकाकी. खाडीवाडीची, अक्षयाची मैत्रीण तन्वी हिची आजी. सगळ्यांसमोर, पाहुण्यांसमोर म्हणते, "सुगंधा, मेल्या माणसाचो आवाज असो लावन ठेवचो नाय. चेडवाक, अक्षयाक, वाट बघूक लागतली." मी म्हटलं, "काकी, तुमका अक्षर वाचूक येयत नाय, पुस्तकातला तुमी काय सांगतलात?" उचलली जीभ लावली टाळ्याला, मान्य. पण तिने तरी तोंड कुठे उघडावं ते बघायला नको? ती नातीचा हात धरून निघून गेली. जाऊ दे. मी आधी बोलणार नाही.

४ नोव्हेंबर
गर्दी चांगली आहे. तिसऱ्या खोलीत बायका डोळे पुसतात. आज कसालच्या एका शिक्षिकेने ओळी वहीत उतरवून घेतल्या आणि म्हणाली, "आई असल्याशिवाय असं सुचत नाही." मी लग्नच केलं नाही. गंमत वाटली आणि वाईटही वाटलं.

अक्षया शाळा सुटली की थेट कारखान्यात येते. माझं काम संपेपर्यंत तिसऱ्या खोलीत बसते. चला, घरी एकटी बसण्यापेक्षा बरं. जेवण वाढलं आहे तिचं, गालावर तेज आलं आहे. नर्मदाकाकीने येऊन बघावं.

९ नोव्हेंबर
अक्षयाचे प्रश्न:
गेलेली माणसं पुढच्या दाराने येतात की मागच्या? (मी: ज्यांची जी सवय.)
न हलता म्हणजे किती न हलता? पाणी प्यायलाही उठायचं नाही? (मी: गोष्टीतले नियम कडक असतात बाई. एकदा मोडला की गोष्ट संपली.)
कूस बदलली तर?

मी हसून म्हटलं, "तू लेखिका होतलंस बघ." आवशीवर, किशोरीवर, गेली आहे. एवढं बारीक वाचणारं मूल माझ्या ग्रंथालयात तीस वर्षांत आलं नव्हतं.

१९ नोव्हेंबर
अक्षया झोपेत लाथा मारायची थांबली. आज दुपारी बघितलं तर उताणी, हात अंगाला लावून, लाकडासारखी पडली होती. मला वाटलं झोपली. डोळे उघडे होते. विचारलं तर म्हणाली, "सवय करतंय." शाळेत योगासनं चालू आहेत वाटतं.

२३ नोव्हेंबर
देवीने कौल दिला. गावपळण बारा डिसेंबरला. भाई मानकऱ्यांनी देवळात गाऱ्हाणं घातलं, देवीला लावलेली पाकळी उजवीकडून पडली, म्हणजे होकार, सगळ्यांनी "होय म्हाराजा" म्हटलं. अक्षया माझ्याबरोबर होती. ती सगळ्यात मोठ्याने म्हणाली. घरी येताना उड्या मारत होती, कितीतरी दिवसांनी.

विनीतला तीन दिवस संग्रहालय बंद ठेवावं लागणार म्हणून सांगितलं. तो आधी चिडला, मग त्याला कल्पना आवडली. म्हणाला, पुस्तक खरं होणार.

१ डिसेंबर
आमच्या वाडीने माळावर जायचं आणि खाडीवाडीने खाडीपलीकडे, हे पूर्वापार ठरलेलं आहे. अक्षयाने विचारलं, वेशीवर सगळ्यांची मोजणी करतात का. मी म्हटलं, "शाळा आसा काय ती? ज्याचो तो समजून जाता." तिला बरं वाटलेलं दिसलं. मुलांना हजेरीचा किती धाक.

८ डिसेंबर
जरा रागात लिहिते आहे. अक्षयाला यंदा माझ्याबरोबर माळावर यायचं नाही, तन्वीबरोबर खाडीपलीकडे जायचं आहे. तिथे होड्या आहेत, मज्जा येते म्हणे. अडीच वर्षं हाताचा पाळणा केला, आणि मज्जा नर्मदाकाकीच्या राहुटीत. "जा," म्हटलं. "त्यांच्या घरात विचारलंस?" "तन्वी सांगतली." बरं.

मी फोन करून विचारायला हवं होतं, रीत आहे ती. पण फोन नर्मदाकाकी उचलणार. मी आधी बोलणार नाही, असं इथेच लिहिलेलं आहे.

११ डिसेंबर
अक्षयाने आपली पिशवी स्वतः भरली, न सांगता. बिस्किटं, पाण्याची बाटली, आणि किशोरीने शिवलेला पिवळा फ्रॉक, जो आता तिला काखेत घट्ट होतो. "ह्यो कित्याक?" विचारलं तर म्हणाली, "ओळखूक बरां." तन्वीच्या घरचे काय ओळखत नाहीत काय हिला? मला हसू आलं. केस विंचरून दे म्हणाली, दिले. नंतर बराच वेळ गळ्यात पडून राहिली. एवढी माया होती तर राहायचं माझ्याबरोबर.

१२ डिसेंबर, माळावर
सकाळी दहाला ढोल वाजले आणि गाव निघाला. गुरं पुढे, डालग्यात कोंबड्या, डोक्यावर टोप, टोपावर अंथरुणं. अक्षयाला तिठ्यावर सोडलं. ती खाडीकडच्या वाटेला लागली, वळून एकदा हात केला. खाडीवाडीची माणसं पुढे चालली होती, म्हणून मी थांबले नाही.

विनीतने बाराला फोन केला. तिन्ही खोल्या बघितल्या, मेन स्विच बंद केला, बाहेरून कुलूप लावलं, आणि तो दोडामार्गला मित्राकडे चालला. मी म्हटलं, "आमच्यात असं सगळे दिवे मालवूनच निघतात."

राहुटी छान झाली आहे, वर माडाच्या झापा, खाली पेंढा. बायकांची हसणी-खिदळणी चालू आहे, भाईंच्या राहुटीसमोर भजनाची तयारी. माळावरून गावातली कौलं दिसतात. एकाही घरातून धूर नाही. कारखान्याचं पत्र्याचं छप्पर तेवढं उन्हात चमकतं आहे. बघवत नाही म्हणून पाठ करून बसले.

संध्याकाळी मनात आलं, फोन करावा. नाही केला. तिलाही जरा माझी आठवण येऊ दे.

१३ डिसेंबर, सकाळ
कुत्री वेशीपर्यंत जातात आणि कारखान्याच्या दिशेला तोंड करून उभी राहतात. भाईंनी दोनदा हाकलली. गावपळणीत असं होतंच, म्हणाले, त्यांना आपल्यापेक्षा जास्त दिसतं.

दुपारी सोलकढी करायची आहे. अक्षयाला आवडते. तिकडे कोण करून घालणार.

१७ डिसेंबर, ओरोस, दवाखान्यात
आता लिहिते. सलाईन काढलं आहे, ती झोपली आहे, कुशीवर, हातपाय पसरून.

तेरा तारखेला साडेतीनच्या सुमाराला नर्मदाकाकी माळावर आली. खाडी होडीने ओलांडून, डबा घेऊन. डब्यात खापरोळ्या होत्या. म्हणाली, "तू काय आधी बोलूची नाय, म्हणान मीच इलंय." तन्वी तिच्याबरोबर होती. ती आमच्या राहुटीत डोकावली, मागे जाऊन आली आणि मला विचारलं, "अक्षया खंय?"

मी म्हटलं, "तुमच्यावांगडा ना?"

"नाय. ती तुमच्यावांगडा ऱ्हवतली म्हणान सांगल्यान."

मला दुसरं काही विचारावं लागलं नाही. मागची सगळी पानं, पाणी, कूस, फ्रॉक, एकदम एका जागी येऊन बसली. मी उठले ती सरळ गावाच्या वाटेला लागले. मोबाईल, चपला, सगळं राहुटीत राहिलं. वेशीवर भाई आडवे आले. "सुगंधा, तीन दिस आत पाय घालूचो नाय. पोलिसांक कळवया, ते जातले." भाई वाईट माणूस नाही. त्याच्या बापाने, आज्याने जी रीत सांभाळली ती तोही सांभाळत होता, आणि भिऊन पांढरा पडला होता. नर्मदाकाकी त्याला बाजूला सारून पुढे झाली. म्हणाली, "देवी पण आवसच आसा. तिका कळता. माका शिक्षा होयत, मी म्हातारी." आणि गावपळणीत वेशीच्या आत पहिला पाय तिने टाकला, जिला मी अडाणी म्हटलं होतं. भाईंनी तिथल्या तिथे हात जोडून गाऱ्हाणं घातलं आणि पहार घेऊन आमच्या मागे धावले.

रिकाम्या गावातून चालणं कसं असतं ते मला लिहिता येणार नाही. भर दुपार होती, आणि सगळी दारं आपल्याकडे बघतात असं वाटत होतं. मी दोनदा मागे वळून बघितलं. पाठीमागे भाईच होते.

पहारीने कुलूप तुटलं. पहिल्या खोलीत दाराचा उजेड होता. बोगद्यापुढे काळोख. भाई बोगद्यात मावत नव्हते, काकीचे गुडघे वाकत नाहीत. मी एकटी रांगत गेले. आत इतकं कोंदट होतं की श्वास अपुरा पडत होता.  हातांनी चाचपडत खाटेचा पाय सापडला. मग गोधडी. ओली होती. मग तिचा हात, अंगाला सरळ लावलेला, तव्यासारखा तापलेला.

काळोखातून आवाज आला, कागद घासल्यासारखा. "आई? इलंस?"

अठ्ठावीस तास. बाटलीचं बूच उघडलेलंही नव्हतं. मी नियम सांगितले होते ना.

मी म्हटलं, "होय गो. इलंय."

तिने सुस्कारा सोडला आणि अंग ढिलं टाकलं. मी तिला पोटाशी धरून बोगद्यातून ओढत आणलं. उजेडात आलो तेव्हा तिची शुद्ध गेली होती. तिने मला बघितलंच नाही.

डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा दिवस गेला असता तर मूत्रपिंडं गेली असती. सर्वेशला कळवलं आहे.  बंदरावर उतरायला मिळालं की येणार.

१९ डिसेंबर
घरी आलो. चौथ्या दिवशी देवीने कौल दिला होता, गाव परत आला. लोक म्हणतात देवीने माफ केलं. मला कोणी काही बोलत नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

अक्षया आनंदात आहे. तेच तर. दोनदा भात मागून घेते, गाणी म्हणते. जो भेटेल त्याला सांगते, "आई इली होती. माका उचलून घेतल्यान. होय गो म्हणाली." बायका माझ्याकडे बघतात, मी चुलीकडे बघते. तिला इतकं खुशीत मी अडीच वर्षांत बघितलेलं नाही. हे तिच्याकडून कोणत्या तोंडाने काढून घ्यायचं?

२३ डिसेंबर
विनीतकडे गेले. बिचारा झुरून अर्धा झाला आहे, बोगदा बघायला हवा होता म्हणून स्वतःला दोष देतो. मी म्हटलं, भिंत पुसायची आहे. म्हणाला, रंगाऱ्याला बोलावतो. मी घरून चुना कालवून नेला होता. तीन हात मारले. तिसऱ्या हातानंतरही 'नक्की येते' दिसत होतं, म्हणून चौथा मारला. संग्रहालय आता उघडणार नाही. त्याने तिचा आवाज बंद केला तेव्हा मी बाहेर गेले.

अक्षयाला सांगितलं नाही. ती रोज विचारते, कधी उघडणार.

२८ डिसेंबर
सकाळी नर्मदाकाकी आली. अंगणात उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही.

तन्वीचा धाकटा भाऊ समर्थ मागच्या साली विहिरीत पडून गेला. तीन वर्षांचा होता. काकी म्हणाली, "तन्वी काल त्याची वाटी घासून फळीर ठेवता होती. इचारलंय कित्याक, तर म्हणता, फुडच्या गावपळणीक मी घरात ऱ्हवतलंय. अक्षयाची आई इली, तसो आमचो समर्थ येतलो." मग माझ्या जवळ येऊन हळू म्हणाली, "शाळेत आणखी दोघां आसत. तेंचोय असोच बेत. आता खरां सांग गो, थय काळोखात कोण होतां?"

"मी होतंय, काकी."

"माका ठावक होतां. माका काय सांगतंस? तिका सांग."

"ती मोडतली."

"मगे आज मोडांदे. आज तू हय आसंस."

काकी गेली. अक्षया पायरीवर बसून चिंचोके मोजत होती. मी तिच्यासमोर खाली बसले. पुढे ढकललं असतं तर परत धीर झाला नसता.

"अक्षया, तुका काळोखात उचलल्यान, ती मी होतंय."

ती हसली. "नाय. आई होती. होय गो म्हणाली."

"तां मी म्हटलंय. तुका बरां वाटात म्हणान. आणि भिंतीवरची ती ओळ पण मीच लिवलंय. तुझ्या आवशीन नाय. तिचा पुस्तक त्याच्या आदीच थांबला होतां."

चिंचोके हातातच राहिले. "मगे आई कधी येतली?"

अडीच वर्षं या घरात जे कोणी बोललं नव्हतं ते मला बोलावं लागलं. "ती येवची नाय, बाय. लांब गेली नाय ती, मेली. ह्याच पडवीत मी तिका न्हाणलंय, तिका हिरवी साडी नेसवलंय, आणि तुझो बापूस आणि गाववाले तिका घेवन गेले. तू तेव्हा तन्वीच्या घरात होतंस. आमी तुका थय धाडलेलां. आमचां चुकलां."

मला वाटलं ती रडेल. मी हात पुढे केले होते. ती रडली नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मी ग्रंथालयात नवीन पुस्तक चाळायचे तशी, कुठलं पान फाटलेलं आहे ते शोधत.

मग म्हणाली, "पयला तू सांगलंस आईन लिवला. मगे काळोखात होय म्हटलंस. आता ह्यां सांगतंस. ह्यातलां खरां खंयचां, तां माका कसां कळतलां?"

 मी उठून ताट वाढायला गेले.

दुपार झाली आहे. ती अजून पायरीवर बसली आहे. जेवायला हाक मारली, आली नाही. ताट झाकून ठेवलं आहे आणि मी दारात बसून हे लिहिते आहे.